सहाव्या प्रश्नाला थांबलं

३ नोव्हेंबर, सोमवार

रूपानं आज माझी परीक्षा घेतली! नात विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. म्हाताऱ्या माणसांच्या मनाची चाचणी बनवतेय, लॅपटॉपवर, मराठीत. गंमत म्हणजे सगळ्यांना सारखे प्रश्न नाहीत — आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न मशीन निवडतं. अरे, करमाडच्या शाळेत बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं! पोरगं अडखळलं की सोपी ओळ विचारायची, धडाधड म्हणालं की अवघड कडवं.

मला चौतीस प्रश्न आले. हुशार पोरालाच मी जास्त विचारायचो. छाती फुगली.

४ नोव्हेंबर

चहा टाकताना कवितेची पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ आमची ही, लीला, म्हणायची, भाकरी थापता थापता. तिला जाऊन पाच महिने झाले, तरी थांबून राहिलो. चहा उतू गेला.

६ नोव्हेंबर

रूपा हिरमुसलेली. "आजोबा, मशीनला तुमचा अंदाजच येईना! झोप नाय, भूक नाय म्हणता, आन् उदास वाटतं का, तर 'कधीच नाही'. म्हणून विचारतच राहिलं ते."

"अगं, मार्क कमी पडले असते ना!"

"पेपर नाय हो हा! पास-नापास नसतं ह्यात. खात्री पटली की ते आपोआप थांबतं."

"आन् नाही पटली तर?"

"तर चौतीस!" हसली. मग हळूच — "चांगलं नका लिहू. खरं लिहा."

जन्मभर पोरांना सांगितलं, चांगलं लिहा. खरं लिहा, असं एकदाही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा बसलो. रूपाचा बाप, आमचा आकाश, दारातून म्हणतो, "बाबा, कॉपी नाय करायची आता!"

खरं लिहिलं. झोप — नाही. जेवण — नकोसं. कुणाशी बोलावंसं — नाही. एकेक प्रश्न जवळ जवळ येत गेला. सहावा : आपण नसतो तर बरं, असं वाटतं का?

'जवळजवळ रोज'वर बोट ठेवलं.

पडद्यावर 'धन्यवाद'.

"एवढ्यात? सहाच?"

रूपानं लॅपटॉप मिटला, माझा हात धरून बसली. लहानपणी पाढा चुकला की अशीच बसायची. आकाश दारातच. हसत नव्हता.

१० नोव्हेंबर

उद्या डॉक्टरांकडे. आकाशनं रजा टाकली. रूपानं आपली गादी माझ्या खोलीत आणली — "तिकडं लई मच्छर हायेत." आमच्या पडेगावात मच्छर काय एकाच खोलीत असतात?

मग म्हणाली, "आजीची ती ओळ शिकवा ना." शिकवली. चाल चुकवते. चुकू दे.

११ नोव्हेंबर

लीलाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या. पाच महिने कवितांच्या पुस्तकांमागं ठेवल्या होत्या. ह्या वहीलाही सांगितलं नव्हतं.

आज सकाळी रूपाच्या हातात दिल्या.