चाळीस फुटांखाली

३ मार्च, सोमवार

पाणी गढूळ! सकाळी नळ सोडला तर बादलीत तांबडं पाणी. पाच मिनिटं तसाच सोडून ठेवला — फरक नाही. दादा म्हणाला, "टाकीत चहापत्ती कोणी टाकली रे?" वहिनीला हसू आलं नाही. बाळाचे कपडे हातात घेऊन उभी होती ती.

बोअर मारून सातच महिने झालेत. आमच्या गल्लीत सरकारी नळ आलेला नाही. ही बोअर हेच आमचं पाणी.

पेला भरून खिडकीत ठेवला. तासाभरात बोटभर गाळ खाली बसला. चोळून पाहिला. वाळू नाही, चिकट तांबडी माती.

ही माती कुठली ते मला माहीत आहे.

४ मार्च, मंगळवार

तुरटी फिरवली. गाळ आज दीड बोट. जेवण गेलं नाही.

५ मार्च, बुधवार

मिस्त्री आले. बोअर मारायचं मशीन त्यांनीच आणलं होतं, त्यामुळे दादाने त्यांना उंबऱ्यातच गाठलं — "कुठलं भंगार आणलं होतंत मिस्त्री? फुकटात मिळालं होतं का?" मिस्त्री म्हणाले, "कागद दाखवा."

कागद मोटरच्या बटणाशेजारी चिकटवलेला आहे. किती फुटांवर काय निघालं, सगळं माझ्या अक्षरात. त्यांनी मोठ्याने वाचलं — "चाळीस फुटांपासून दगड. माती अडवायचा केसिंग पाइप चाळीस फूट. मग वरची माती येईलच कशी? पाइप दगडात बसलाय. खालच्या एखाद्या भेगेतला गाळ असणार. शुक्रवारी कॉम्प्रेसर आणतो. सहा तास जोरात हवा मारली की पोट साफ!" जाताना अण्णांना म्हणाले, "पोराने कागद मात्र झकास ठेवलाय हो."

अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कौतुकाने! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आता इथे लिहितो. इथे तरी खरं.

अण्णांनी सांगून ठेवलं होतं — "तू नीटनेटका आहेस, मशीनजवळ तू बस. दगड लागला की थांब म्हण." घरचा माणूस थांब म्हणेल तिथे पाइप थांबतो, अशीच पद्धत आहे. मिस्त्री जेवायला गेले होते. चाळिसाव्या फुटाला पांढरी भुकटी उडाली. मशीनवाल्याने विचारलं, "बस?" मी म्हणालो, "बस." पाइप उतरवला. पुढे मशीन सुरू झालं — आणि पाच फुटांत पुन्हा तांबडी माती! तो नुसता मधला धोंडा होता. खरा दगड छप्पन फुटांवर लागला. मधले सोळा फूट उघडे, पाइपाशिवाय.

तेव्हाच बोलायचं होतं. पण सगळ्यांदेखत ऐटीत बस म्हणालो होतो. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून घरात माझ्या शब्दावर काही अडलं असेल तर ते एवढंच. म्हणून कागदावर लिहिलं — चाळीसपासून दगड. सुवाच्य अक्षरात.

६ मार्च, गुरुवार

मिस्त्रींना फोन केला. विचारलं, चाळीसच्या खाली माती असती तर?

"तर हवा मारायचीच नाही बाबा! आतली भिंत ढासळेल, बोअर बुजेल. मग बसा बोंबलत. का रे?"

"सहज."

दिवसभर जीव टांगणीला. तीनदा अण्णांसमोर गेलो. तीनदा काहीतरी भलतंच विचारून परत आलो. शेवटी म्हणाले, "तुला बरं नाही का?"

७ मार्च, शुक्रवार

आठ वाजता कॉम्प्रेसरची गाडी दारात. अण्णा मागच्या ओट्यावर दाढी करत होते. मी म्हणालो, "अण्णा, कागद खोटा आहे." सगळं सांगितलं. एका दमात.

त्यांनी एवढंच विचारलं, "किती फूट?"

"सोळा."

गालावर साबण तसाच. उठून पुढे गेले. "मिस्त्री, थांबा! हवा मारू नका. छप्पनपर्यंत माती आहे." मिस्त्री म्हणाले, "अहो, पण कागदावर तर —" अण्णा म्हणाले, "आकडे मीच सांगितले होते. त्याने उतरवले फक्त. चूक माझी."

कॉम्प्रेसरवाला बंद केलेल्या मशीनला टेकून उभा राहिला. मिस्त्रींनी टोपी काढली, परत घातली. "असं म्हणता. बरं." दादा एक शब्द बोलला नाही. दादा! मी खाली बसून गाडीतले पाइप मोजत राहिलो.

मग मोटर वर काढली. उद्या जुन्या पाइपाच्या आतून बारीक पाइप घालायचा, साठ फुटांपर्यंत, म्हणजे माती अडेल. मग हलकी हवा.

बोअर वाचली. वाचली!

९ मार्च, रविवार

पाइप काल बसला. हवा मारल्यावर आधी चिखल, मग तांबडं, मग दुधासारखं. आज दुपारी चारला पेल्याचा तळ दिसला. दादाने सगळ्यांच्या आधी प्यायलं, तोंड पुसलं — "पत्ती संपली वाटतं." वहिनी हसली. मीही हसलो. बाळाचे कपडे पांढरे निघाले.

११ मार्च, मंगळवार

शुक्रवारची एक गोष्ट इथे लिहिली नाही. राहिली नव्हती — टाळली.

बोअर मारली त्या दिवशी अण्णा घरी नव्हतेच. आत्याकडे होते. दादाच त्यांना सोडून आला होता. मिस्त्रींनी मशीन लावायचं का ते त्यांना फोनवर विचारलं होतं.

म्हणजे शुक्रवारी अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आकडे अण्णांचे नव्हतेच. सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते.