अण्णा ऑफिसच्या यादीत गेले त्याची हकीकत

सातारा,
रविवार, दुपार

तीर्थरूप सौ. चारुताईस,

शौनकचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्याने आठांपैकी सहाच अंगांचा समजावा.) तुझी मान कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतेस की खुर्चीला अडकवून ठेवतेस? भाऊजींचं पथ्य, सांगलीचा उकाडा, सगळं ठीक आहे असं धरून चालतो, कारण नसलं तरी तू कळवणार नाहीस. आम्ही इथे बरे आहोत. (हे वाक्य लिहून पाच मिनिटं थांबलो. ज्ञानदा बरी आहे, एवढं नक्की.) फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू 'मुद्द्यावर ये' म्हणतेस, आणि मुद्द्यावर यायला मला चार पानं लागतात.

आईच्या वर्षश्राद्धाला आपलं ठरलं होतं, की अण्णांनी आता तासगावात एकटं राहू नये, आमच्याकडे साताऱ्याला यावं, आणि ते त्यांना मी विचारावं. तू निघताना बजावलंही होतंस, "नीट विचार हं शौनक. सर्व्हेला आल्यासारखं विचारू नकोस." त्याला दोन महिने झाले. माझ्या डायरीत 'अण्णांना विचारणे' रोज आहे, रोज पुढच्या पानावर जातं. अगदीच विचारलं नाही असंही नाही. फोनवर दोनदा मी म्हणालो, "तुम्हाला काही इकडे करमायचं नाही म्हणा." ते म्हणाले, "नाही करमायचं." याला विचारणं म्हणतात का, असा प्रश्न मी नंतर डायरीत लिहिला आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या.

अशात आमच्या कंपनीने (ठिबक सिंचनाचीच, अजून काढलेलं नाही) आम्हा सेवा विभागवाल्यांना शिरवळला एका हॉलमध्ये बसवून व्याख्यान दिलं. कामाच्या आणि खाजगी गोष्टी एकत्र ठेवल्या की माणूस दोन्हीकडे नापास होतो, तेव्हा मोबाइलमधल्या कंपनीच्या ॲपवर दोन याद्या करा, एक 'ऑफिस', एक 'घर', निम्मी चिंता जाईल, असा सारांश. मला पटलं. (मला सगळंच पटतं, हाच माझा आजार.) घरी येऊन याद्या करायला बसलो आणि चिंता दुप्पट झाली. साहेबांच्या सासऱ्यांच्या तेराव्याला जायचं, ते ऑफिस की घर? दु:ख झालेलं नाही, म्हणजे ऑफिस. पण रविवार जाणार, म्हणजे घर. दाढी? आजारपणाची रजा? ती घ्यायची ऑफिसकडून आणि झोपायचं घरी. ज्ञानदा मागून वाचत होती. म्हणाली, "मी कुठल्या यादीत आहे?" मी म्हणालो, "घर." ती म्हणाली, "म्हणजे न होणाऱ्या कामांत," आणि कुकर लावायला गेली.

ते मला लागलं, कारण खरं होतं. ऑफिसच्या यादीतलं काम मी ताप असला तरी करतो. घरच्या यादीतलं गीझरचं बटण दीड वर्ष तसंच आहे. तेव्हा मी प्रामाणिकपणे असा विचार केला, की अण्णांना खरोखर विचारायचं असेल तर त्यांना ऑफिसच्या यादीत टाकावं. टाकलं. 'तासगाव: अण्णांना भेटणे. शांतपणे ऐकून घेणे. साताऱ्याला कायमचे यायचे का, स्पष्ट विचारणे.' खाली तासगावच्या घरचा पत्ता, म्हणजे आपण खरंच निघालो आहोत असं वाटावं म्हणून. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

आता ऑफिसची यादी सगळ्यांना दिसते, आणि कामापुढे तालुक्याचं नाव लिहिलं की ते आपोआप त्या तालुक्याच्या माणसाकडे जातं. हा नियम मीच तीन वर्षांपूर्वी करून घेतला. तासगावचा आमचा माणूस शंभूराज. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"सर, त्ये आण्णांचं काम केलं बगा."

"कोणते अण्णा?"

"आवं, तुमचंच की! मला काय ठावं? मी नळ्या आन फिल्टर घिऊन गेलतो. दारात एक आंबा, त्येला कशाला ठिबक म्हणलं. मग यादी वाचून दावली त्यास्नी."

"वाचून दाखवलीस?"

"व्हय. शांतपणं ऐकून घ्यायचं लिवलंय, मग दोन तास ऐकलं. लय भारी माणूस हाय सर. पाक आटपाडी-जतपातुरच्या गाड्या तोंडपाठ."

(नियंत्रक म्हणून एसटी स्टँडवर एकतीस वर्षं काढली, त्यांना तोंडपाठ नसतील तर कुणाला?) त्यानंतर त्याचा भेट-अहवाल आला. नियमाप्रमाणे मला तो वाचून मंजूर करायचा होता. उतरवून देतो. 'तक्रार: काही नाही म्हणतात. पाहणी: घर स्वच्छ. माणूस एक. ओट्यावर कपबश्या दोन. उपाय: चहा घेतला, स्पष्ट विचारले. सेवेबद्दल समाधान: पाचपैकी पाच.' खाली अण्णांची सही, तीच, शेवटी रेघ ओढलेली. ताई, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवरसुद्धा ती इतकी नीट नव्हती. ते वाचून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. वर आलो तर साहेब म्हणाले, "शौनकराव, तासगावला पाच पडले. अभिनंदन." मी आभार मानले. ते का मानले, याचा विचार अजून चालू आहे.

अण्णांचं नेमकं उत्तर काय, हे अहवालातून तितकंसं स्पष्ट होत नाही. वयोमानाने माणूस कधी हो म्हणतो, कधी नाही. असो. भाऊजींना नमस्कार. मान सांभाळ.

तुझा,
शौनक

ता. क. मुद्दा राहिलाच. मला वाटतं अण्णांना सांगलीच मानवेल. तुमच्याकडे खालच्या मजल्यावर खोली आहे, आमच्याकडे तीन जिने. शिवाय लेकीकडे माणूस मोकळा असतो. तर तूच एकदा विचारून पाहा. सुरुवातीला चार महिने.

ता. क. २. वरचा ता. क. लिहून जेवायला बसलो. जेवण गेलं नाही. अहवालात आणखी एक ओळ आहे, ती मी तुला उतरवून दिली नव्हती. 'ग्राहक साताऱ्याला येण्यास तयार. अट: मुलाने स्वतः न्यायला यावे.' ही ओळ आठ दिवस माझ्या खिशात आहे. काम पूर्ण झालं म्हणून ॲपने त्यावर हिरवी खूण केली, आणि ती खूण पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. हे डायरीतही लिहिलेलं नाही.

ता. क. ३. शंभूराजचा आत्ता पुन्हा फोन आला. "सर, आण्णा रोज सकाळी आंगुळ करून, पिशवी भरून कट्ट्यावर बसत्यात. दुपारच्याला परत आत जात्यात. मी म्हणलं, तुमाला यष्टीत बसवून देऊ का? तर म्हणलं, नगं, त्यो यील. तुमी कवा येताय?"

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने जातो आहे. पहिला ता. क. वाचलाच नाहीस असं समज. (खोडणार होतो, पण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतेस.) एकच कर. आठ दिवस मला माहीत होतं, हे अण्णांना कधी सांगू नकोस. निरोप आजच मिळाला आणि मी लगेच निघालो, असं त्यांना वाटू दे.