पाचशे पावलांच्या आत

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कारखाना सोडतेय. तीन वर्षं नुसती डावी पेडलं बसवून जीव विटला. आपल्याच गल्लीच्या टोकाला खोली बघितलीय. सायकलदुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढणार! दर वाढदिवसाला तुम्ही बाहुलीऐवजी चांदीचं नाणं द्यायचात, सरकारी नोटांची किंमत दरसाल झिजते म्हणायचात आणि मी भोकाड पसरायचे. तीच नाणी मोडून खोलीची आगाऊ रक्कम भरली. सराफाने भाव सांगितला तेव्हा तिथूनच तुम्हाला नमस्कार केला.

अडचण एकच. पाचशे पावलांच्या आत त्याच धंद्याचं जुनं दुकान असेल तर त्याच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. एकतीस तारखेपर्यंत परवाना नाही मिळाला तर खोली गेली, पैसेही गेले. आणि तो मालक म्हणजे तुम्ही! सोबतच्या कागदावर सही करून पाठवा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो स्पर्धेतही टिकवा.
तुमची ठिणगी

९ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई गल्लीभर सांगत सुटलीय. माझं म्हणशील तर आधी गल्ला मोजायला बसलो. डुगणाऱ्या चाकाचा आऊट तू माझ्याहून सफाईने काढतेस, गिऱ्हाईक तिकडेच वळणार. मग स्वतःची लाज वाटली, आणि नंतर इतका आनंद झाला की पोस्टमनचं पंक्चर फुकट काढून दिलं.

सही मात्र करणार नाही. एकाने पोट भरायला दुसऱ्याची परवानगी का मागावी, हे तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. सही केली की ती परवानगी लागते, हे मीच कबूल केल्यासारखं होईल. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

रागावलीस तरी लिहीत जा.
बाबा

१४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

तत्त्व तुमचं आणि खोली जाणार माझी! जन्मभर डावी पेडलंच बसवत राहू का? आई म्हणते, तो कागद तुम्ही रोज उघडून बघता. मग करा ना सही!

रागातही तुमचीच,
ठिणगी

२६ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

काल कचेरीत जाऊन माझा परवाना परत केला. कारकुनाने आधी मला पाणी दिलं, तब्येत विचारली. परवाना मागणारे रोज येतात, परत करणारा त्याने पहिल्यांदाच पाहिला. आता पाचशे पावलांत दुकानच नाही, म्हणजे हरकत घेणारा नाही आणि सहीही नको. तुझा परवाना मंजूर झाला, कागद सोबत आहे.

पाटी उतरवताना डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आता मला पुन्हा दुकान काढायचं तर तुझी सही लागेल. ती मी मागणार नाही.

बाबा

२९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पेडलांच्या ढिगावर बसून रडले आणि हसलेही. सही मीही देणार नाही, तुमचीच लेक आहे. पण सगळे नियम तीनदा वाचले. एकाच दुकानात दुसरं स्टूल ठेवायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

नाणी सगळी मोडली नव्हती. पहिल्या वाढदिवसाचं, माझे दात उमटलेलं, राखून ठेवलं होतं. ते तुमच्या नोकरीचा विसार म्हणून पाठवतेय. पगाराची घासाघीस आल्यावर करू. आऊट मात्र मीच काढणार.

वाट पाहते.
ठिणगी

२ एप्रिल

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

नाणं मिळालं. मीही चावून पाहिलं, अस्सल आहे. सोमवारी सकाळी आठला येतो. स्टूल माझंच आणतो, तुझ्यावर भरवसा नाही.

बाबा