पंच्याऐंशी किलोच्या वर डोली नाही

ता. २१-११-८२, रविवार
आबांचा गुडघा सुजला आहे. काल मुंबईच्या एका बाईंना डोलीतून गडावर नेलं, उतरताना तिसऱ्या वळणावर आबांचा गुडघा पिरगळला. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, लग्न झाल्यावर आले होते तेव्हा याच दोघांनी हसतखेळत नेलं होतं. धोंडूकाका (आबांचे जोडीदार, पुढचा खांदा) नंतर मला हळूच म्हणाले, "तवा बाई अर्धी होती."
गिऱ्हाईक दर हंगामाला जड होत चाललं आहे, असं सगळेच डोलीवाले म्हणतात.

ता. २४-११
आबांना महाडला डॉक्टरांकडे नेलं. दोन महिने ओझं उचलायचं नाही, असं सांगितलं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, आठवडा पुरे.
खरी अडचण रिवाजाची आहे. डोली वीतभर उचलायची आणि मागच्या खांद्याने 'हाय' किंवा 'नाय' म्हणायचं. नाय म्हटलं की गिऱ्हाईक परत. मागचा खांदा आबांचा. त्यांच्या तोंडून नाय गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही. नाय म्हणणारा म्हातारा झाला असं धरतात, मग त्याला कुणी जोडीला घेत नाही.

ता. २८-११, रविवार
महाडच्या भातगिरणीतला जुना काटा मिळाला. एस.टी.च्या टपावरून आणला. भाताच्या गोणीवर दोनदा तपासला, बरोबर आहे. डोलीवाले जमले, चर्चा फार झाली. मर्यादा ८५ कि. ठरली. वजन मी करायचं. मला खांदा नाही, म्हणजे मी डोली उचलत नाही, आणि आठवीपर्यंत शाळा झाली आहे, म्हणून. पाटी रंगवली. मास्तरांना दाखवून मगच टांगली.

ता. ५-१२, रविवार
नऊ वजनं. तिघे परत.
पोलादपूरचे एक दुकानदार, ९७. आधी चिडले, मी काय गुळाची ढेप आहे का म्हणाले. मग चढले, आकडा बघितला आणि निमूट चहा प्यायला गेले. बाकीचे दोघे माझ्याच वयाचे, मुंबईत ऑफिसात बसणारे.
बायका काट्याजवळ येत नाहीत. त्यामुळे आता आकडा बोलत नाही, नुसती मान हलवतो.
धोंडूकाका खूष. "आता नाय बोलायचं काम लोखंडाचं." आबा लांब बसून बघत होते.

ता. २२-१२
आबांचा थोरला, आमचा दादा आला. वहिनी, दोन्ही मुलं. सहा वर्षांपूर्वी मुंबईला गेला, त्याआधी काही हंगाम धोंडूकाकांच्या जागी आबांच्या पुढे तोच असायचा. आता हॉटेलात गल्ल्यावर बसतो. आई म्हणाली, अंग चांगलं धरलंय. वाडीचा चढ चढताना दोनदा थांबला, बुटात खडा गेल्यासारखं करून.
मुलांना गड दाखवायचा आहे. जेवताना आबा म्हणाले, रविवारी तू डोलीत बस, मागं मी हाय. मी पाटीची आठवण दिली.
"घरच्याला काटा नाय," आबा म्हणाले.
आबांना अजून मांडी घालता येत नाही.

ता. २६-१२, रविवार
सकाळी काटा बाहेर काढत होतो, कुणी आलं नव्हतं. दादा एकटाच आला आणि न सांगता वर उभा राहिला. मी दांडीवरचं वजन सरकवत राहिलो. ९४.
"आबांच्या गुडघ्याचं खरं सांग."
डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. उचलल्यावर ते हायच म्हणतील, हेही सांगितलं.
"ते मला नको सांगू. मी पुढं असायचो रे."
थोडा वेळ दगडावर बसला. मग बूट काढून हातात घेतले. पोरं उठायच्या आत जेवढं होईल तेवढं चढतो म्हणाला. डॉक्टरने त्यालाही काहीतरी सांगितलेलं आहे, असंही म्हणाला. काय, ते विचारेपर्यंत तो पायऱ्यांवर होता.
आबा आणि धोंडूकाका डोली घेऊन आले. दादा कुठं, विचारलं. सांगितलं.
"किती भरला?"
"चौऱ्याण्णव."
आबांनी पाटीकडे बघितलं नाही. धोंडूकाकांना खूण केली, दोघांनी रिकामी डोली खांद्याला लावली आणि निघाले. आबा मागे, पाय जरा ओढत.
आता साडेअकरा. वहिनी दोनदा विचारून गेली. सात वजनं झाली, एक परत. इथून पहिल्या वळणापर्यंतच दिसतं.