नेऱ्याचा चांगला आकडा

३ फेब्रुवारी
डॉ. मितालींना मसुदा अठ्ठावीस तारखेपर्यंत हवा. पनवेलच्या आसपासच्या आठ गावांत त्या पाच वर्षं रक्तदाब मोजून घेताहेत. घरपोच गोळ्या दिल्या तर हृदयविकार, पक्षाघात कमी होतात का — एवढाच प्रश्न. उत्तर गावकऱ्यांना कळेल अशा पुस्तिकेत मी मांडायचं. सोपं आहे. वर्तमानपत्रात याहून किचकट मजकूर तासाभरात उतरवलाय.

५ फेब्रुवारी
सोपं नाही! आठ गावांत रक्तदाब सगळ्यात चांगला नेऱ्याचा. आणि पक्षाघात सगळ्यात जास्त — तेही नेऱ्यातच! मिताली म्हणाल्या, ‘संख्या लहान आहे, योगायोगही असेल.’ असेल. पण मला चैन नाही.

७ फेब्रुवारी
मितालींच्या गटातल्या रंजिताबरोबर नेऱ्याला. दर महिन्याला मोजायला तीच जाते. घराघरातून हाका — ‘बारीक झालीस गं!’ ‘लग्नाचा काय झाला?’ कुणी तिच्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबल्या. चार दिवस आधी फोन करून ठेवते म्हणाली, ‘नाहीतर मावश्या कुठे हळदीला गेलेल्या असतात.’

गुणाबाई. साठीच्या पुढच्या. थोरल्या बहिणीची वाचा गेल्या वर्षी पक्षाघाताने गेली. यांचा आकडा १३४/८२. ‘बघ, पास!’ हात तांदळाच्या पिठात. मला म्हणाल्या, ‘मॅडम, पानी फ्रिजमधनं घ्या.’

फ्रिजच्या दारात गोळ्यांची चार पाकिटं. प्रत्येक एका महिन्याचं. प्रत्येकातल्या तीनच गोळ्या गेलेल्या.

८ फेब्रुवारी
राहवलं नाही, एकटीच गेले. सरळ विचारलं. गुणाबाई हसल्या. ‘तिचा फोन आला का चालू करतो. आख्खी आळी करते.’

‘पण का?’

‘आकडा वाईट गेला त साहेब कोनाला बोलतील? त्या पोरीलाच ना!’

‘आणि तुम्हाला काही झालं तर?’

‘मला काय धाड भरलीय? सकालचा डोका ठनकतो, तेवढाच.’

बहीण आतल्या खोलीत बसली होती. आमच्याकडे बघत.

९ फेब्रुवारी
आधी कुणाला सांगू — मितालींना की रंजिताला?

१० फेब्रुवारी
रंजिताला सांगितलं. विचुंबे गावाकडे जाणाऱ्या रिक्षात. उतरताना म्हणाली, ‘उद्या फोन न करता जाऊ.’

११ फेब्रुवारी
१९२/११०.

पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. तेवढाच. गुणाबाई भडकल्या होत्या — ‘न सांगता येतात का मानसाच्या घरी?’ रंजिताने तिथूनच मितालींना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून समोर गोळी घ्यायला लावली, संध्याकाळी दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मग वही उघडली.

‘ह्यो नको लिवूस, पोरी.’

लिहिला. पेन दोनदा थांबलं.

१७ फेब्रुवारी
सगळ्या नेऱ्यात न कळवता मोजून झालं. गाव पहिल्याचं आठवं! योगायोग नव्हता तर. मिताली रागावल्या नाहीत. जुने आकडे बाजूला काढले, मलाही महिनाभर मुदत दिली. आयुष्यात पहिल्यांदा मुदत वाढून बरं वाटलं.

रंजिताने मात्र नेऱ्याला जाणं सोडलं. स्वतःहून. तिकडे आता दुसरं कुणी जाईल. ‘मी जात राहिले तर मावश्या गोळ्या माझ्यासाठीच घेणार,’ म्हणाली.

१९ फेब्रुवारी
गुणाबाईंचा फोन. ‘काढली ना पोरीला? तरी बोललू, लिवू नको!’ काढलं नाही, तिनेच गाव बदलून मागितलं, असं मी सांगितलं. पटलं नाही. मग आवाज उतरवून —

‘गोळी रोज चालू हाय आता. तिला पाठवा परत.’