वरून तिसरी डिस्क

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार
पेटी आजारी पडली! सकाळपासून मोबाइलवर इशारा येतोय — पॅरिटी डिस्क निकामी.

पेटी म्हणजे मुकुलनं स्वतः जोडलेला सर्व्हर. बैठकीतल्या कपाटात, चार डिस्कचा. घरातले सगळे फोटो त्यात. आणि आमच्या लेकीसाठी, निवूसाठी त्यानं सांगितलेल्या एकसष्ट गोष्टी — डायलिसिसला पडल्या पडल्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या. तो फोन दवाखान्यातच चोरीला गेला. दुसरी प्रत कुठेच नाही.

तो म्हणायचा, "पॅरिटी म्हणजे जामीनदार गं. बाकीच्या तिघींपैकी एक गेली, तर तिचं सगळं हिच्या जोरावर परत भरून काढता येतं." आता जामीनदारच गेला. नवा लगेच आणायला हवा.

१० ऑक्टोबर
त्याची वही सापडली. 'वरून तिसरी — पॅरिटी.' पेटी बंद केली, तिसरी ओढून काढली. खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून चिकटलेलं होतं. फडक्यानं पुसलं.

११ ऑक्टोबर, शनिवार
परभणीला जाऊन आले. डिस्क मुकुलनं नागेशच्या दुकानातून घेतल्या होत्या, वॉरंटी शिल्लक आहे. जुनी त्यानं ठेवून घेतली. "कंपनीची बदली यायला महिना लागंल वहिनी. तुमी माझ्याकडची नवी घेऊन जा." देवमाणूस! संध्याकाळच्या गाडीनं सेलूला परत. निवू मांडीवर झोपली.

१२ ऑक्टोबर
नवी बसवली, पेटी चालू केली. पडद्यावर — दोन नंबरची डिस्क सापडत नाही. आणि बिघडलेली पॅरिटी आतच!

म्हणजे मी चांगली डिस्क देऊन आले. गोष्टी होत्या तीच.

सासूबाईंना विचारलं. खंडेनवमीला मी पेटी बंद करून दिली आणि झेंडू आणायला गेले, तेव्हा तुम्ही डिस्क बाहेर काढल्या होत्या का?
"काढल्या की. मुकुलचं हत्यार हाय ते. चारी पाटावर मांडल्या, हळदीकुंकू वाहिलं, परत सारल्या. सारख्याच तर दिसायल्या होत्या सगळ्या!"

दरवर्षी मुकुल स्वतः काढून द्यायचा, स्वतः बसवायचा. त्यांना काय ठाऊक क्रम?

पण वहीत त्याच ओळीत पुढे लिहिलंय — 'तरी नंबर ताडून बघ.' नंबर डिस्कवर, नंबर पडद्यावर; पेटी त्यावरूनच डिस्क ओळखते, जागेवरून नाही. तिसरी म्हटल्यावर मी पुढचं वाचलंच नाही. शाळेत पाचवीच्या पोरांना रोज ओरडते — प्रश्न पूर्ण वाचा!

१३ ऑक्टोबर
सकाळी सातलाच नागेशला फोन. पार्सल शनिवारीच हैदराबादला गेलं!
मग हैदराबादला, कंपनीत फोन. तिथला माणूस थंडपणे हिंदीत — आलेली डिस्क परत मिळत नाही. आधी पुसतात, मग तपासतात. डेटा आमची जबाबदारी नाही मॅडम. रडले, ओरडले. त्यानं फोन ठेवला.

१४ ऑक्टोबर
खरं लिहू का? मी निवूला एकही गोष्ट ऐकवलेली नाही.

मुकुल शेवटपर्यंत सांगत होता, "रोज झोपताना एक लाव तिला." त्याला जाऊन वीस महिने झाले. रोज म्हणते, उद्या लावू. त्याचा आवाज ऐकायचा धीरच होत नाही मला. पोर तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. कंजुसासारखं जपून ठेवलं सगळं, आणि आता स्वतःच्या हातानं पुसायला धाडलं!

१५ ऑक्टोबर
सासूबाई जेवल्या नाहीत. मीही नाही.

१६ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी लागली. फराळाचं काहीच केलं नाही. नागेशला आज पाच फोन. "बघायलोय वहिनी, बघायलोय" — एवढंच.

सासूबाई देवापुढे रडत होत्या. "माझ्याच हातानं लेकराचा आवाज गेला गं." मी म्हणायला हवं होतं — तुमच्या नाही, माझ्या. कुणावर तरी ढकलायला मला बरंच वाटलं. इतकी वाईट झाले मी!

१८ ऑक्टोबर, शनिवार
नागेशचा फोन!! "पार्सल नांदेडलाच पडून हाय वहिनी. दिवाळीच्या मालाखाली दबलंय. मीच जायलोय आणायला."
देवा, तीच असू दे.

१९ ऑक्टोबर
दुपारी नागेश दारात, हातात खोका. चहाही घेतला नाही त्यानं. चारी नंबर तीनतीनदा ताडले. मेलेली बाहेर, आपली आत, नवी पॅरिटीच्या जागी. आता नवी भरायला बावीस तास लागणार. तोवर जुन्या तिघींतली एकही जायला नको! लाइट तर जायलाच नको. सासूबाई इन्व्हर्टरपाशी पाट टाकून बसल्यात, जणू त्या उठल्या की तो बंद पडेल.

२० ऑक्टोबर
शंभर टक्के. सगळं हिरवं! एकसष्टच्या एकसष्ट आहेत.
सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. चूक माझी होती, म्हणाले. त्यांनी नुसती पाठ थोपटली.
उद्या लावायचीच. आता टाळायचं नाही.

२१ ऑक्टोबर
लावली. "ऐक हं निवूबाई, एक होता कोल्हा…" मुकुल! तोच, तस्साच. सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. निवूनं शहाण्यासारखी पूर्ण गोष्ट ऐकली, हसलीही दोनदा. संपल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, "आई, हे काका कोण आहेत?"