वासराच्या पुड्या

१७ ऑक्टो., शुक्र.
आजचा दिवस ज्याने आखला त्याला एकदा भेटायचंय.
सकाळी लॅबची वही भरून ठेवली. मी आधी लिहिते, मग करते. केरनला हे आवडत नाही, पण ती बॉस आहे, आई नाही. दुपारी पेशींना खाऊ घालायला गेले तर गाळलेला सीरम अर्धीच बाटली. नवा गाळायचा म्हणजे मशीनवर अठरा तास, आणि मशीन लॅबमधल्या डॅनियलने वीकेंडभर अडवून ठेवलंय. बाटली संपवणाऱ्याने नवी करून ठेवायची, असा कागद फ्रिजवर चिकटवलाय. फ्रिज तेवढा पाळतो.
तर, वाकड्या (माझं लाडकं प्रथिन) काढून टाकलेल्या पेशींना गाळलेला घातला. ज्यांच्यात वाकड्या शाबूत आहे त्यांना साधाच. वीकेंडपुरतं. सोमवारी बदलायचा.
पाचला कुलकर्णी काकूंच्या गराजमध्ये दिवाळीच्या एकांकिकेची तालीम. मी डॉक्टर. एकच वाक्य: "आता सगळं देवाच्या हातात." काकू म्हणाल्या, "अगं, थोडी आशा दिसू दे चेहऱ्यावर! तू तर रिपोर्ट वाचून आल्यासारखी बोलतेस." थंडीने दात वाजत होते, आशा कुठून आणू?

२० ऑक्टो., सोम.
सकाळी आईचा व्हिडिओ कॉल, एकेक पणती दाखवली. लॅबला उशीर. धावतपळत पेशींनी सोडलेल्या पुड्या गोळा केल्या, मोजल्या.
अर्ध्या!! वाकड्या नसेल तर पुड्या चक्क अर्ध्या!
केरन खुर्चीतून उठली. ती फायर अलार्मलाही उठत नाही.

२५ ऑक्टो., शनि.
कार्यक्रम झाला. माझ्या वाक्याला लोक हसले. गंभीर प्रसंग होता.
जेवताना काकूंनी विचारलं, "नक्की करतेस तरी काय गं तू?" सांगितलं: कॅन्सरच्या पेशी बाहेर बारीक पुड्या सोडतात. त्या पुड्या शेजारच्या चांगल्या पेशींना फितवतात, मग गाठीला जागा मिळते, रक्त मिळतं. पुडी सुटायला पेशीचं आवरण वाकवावं लागतं. ते वाकवणारं एक प्रथिन आहे, मी त्याला वाकड्या म्हणते. वाकड्या काढला की पुड्या कमी.
काकूंची लेक माया म्हणाली, "सो द ट्यूमर स्टॉप्स?"
"होपफुली."
"होपफुली इज नॉट अ रिझल्ट, ताई."
बारा वर्षांची आहे.

९ फेब्रु., सोम.
पेपर परत आला. जवळजवळ घेतलाय! एक परीक्षक मात्र म्हणतो, पहिला प्रयोग पुन्हा करून दाखवा. पेपर पाठवण्याआधी तो आणखी दोनदा केला तेव्हा फरक फारच थोडा आला होता. "दिशा तीच आहे," केरन म्हणाली, आणि मुख्य आकृतीत पहिलाच घातला. मीही मान डोलावली होती.
पहिलं नाव माझं. जूनमध्ये माझं काँट्रॅक्ट संपतं, व्हिसा त्यालाच बांधलेला. हा पेपर यायलाच हवा.

१८ फेब्रु., बुध.
फरक नाही. म्हणजे नाहीच. दोन्हीकडच्या पुड्या जवळपास सारख्या. पेशी म्हाताऱ्या झाल्या? मशीन बिघडलं? वाकड्या परत उगवला? तपासलं. उगवलेला नाही.
मोजणी डॅनियलने केली होती. हा माणूस इअरफोन घालून गुणगुणत मोजतो. मला आधीच कळायला हवं होतं.

२० फेब्रु., शुक्र.
केरनला सांगितलं की डॅनियलच्या हाताला सफाई नाही. तिने मोजणी त्याच्याकडून काढून घेतली. सगळ्यांसमोर.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२५ फेब्रु., बुध.
सगळं स्वतः केलं. गाळलं, फिरवलं, मोजलं. तोच डॅनियलचा आकडा. डोकं आपटायलासुद्धा लॅबमध्ये मोकळी भिंत नाही, सगळीकडे फ्रीझर.
डॅनियलच्या उंदरांचंही तेच. माझा रिझल्ट पाहून त्याने अख्खा हिवाळा त्या उंदरांवर घातला. वाकड्या नसलेल्या गाठी बारीक राहायला हव्या होत्या. राहिल्या नाहीत. दोन्हीकडच्या सारख्याच वाढतायत.
संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला. "सॉरी. मशीन मीच नीट धुतलं नसणार. तुझं सगळं खराब केलं मी." मी "इट्स ओके" म्हणाले. मोठ्या मनाने!

१ मार्च, रवि.
इथे श्रूजबरीत गुडघाभर बर्फ. गाडी उकरून काढेपर्यंत कंबर गेली. तेवढ्यात काकूंचा फोन: "मंडळाच्या स्मरणिकेत टाकायचंय गं, आपली पहिली तालीम कधी होती? तू मेली सगळं लिहून ठेवतेस."
ही वही काढली. मागची पानं चाळली. १७ ऑक्टो.
तालमीच्या वरच्या चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग २० तारीख. सीरम बदलल्याचं कुठेच नाही. बदललाच नव्हता.
सीरम म्हणजे वासराच्या रक्तातला द्रव. त्यात वासराच्या स्वतःच्या पुड्या असतात, ढिगाने. त्या काढायलाच तर अठरा तास गाळायचा. हे मी नव्या मुलांना शिकवते. बोट नाचवून शिकवते.
वाकड्याने काही केलं नव्हतं. एका बाजूला वासराच्या पुड्या होत्या, दुसऱ्या बाजूला नव्हत्या. मी वासराच्या पुड्या मोजून कॅन्सरवर पेपर लिहिलाय.
काकूंना तारीख सांगितली. "आवाज का असा?" म्हणाल्या. सर्दी म्हटलं.

२ मार्च, सोम.
लॅबची वही उघडली. १७ ऑक्टो.: "गाळलेला सीरम, दोन्ही सेट." माझ्या सुवाच्य अक्षरात, सकाळी नऊला लिहिलेलं. म्हणजे लॅबच्या दृष्टीने मी निर्दोष. खरं फक्त इथे आहे, आणि लॅबमध्ये मराठी कुणाला येत नाही.
गप्प बसता येईल. नंतरचे दोन प्रयोग आहेत, थोडा का होईना फरक आहेच. परीक्षकाला गोलगोल उत्तर देता येईल. पेपर येईल, काँट्रॅक्ट वाढेल. जगात काय सगळेच...
डॅनियल दिवसभर मशीन सुटं करून धूत होता. इअरफोन नव्हते. मला किळस आली, माझीच.

३ मार्च, मंगळ.
केरनच्या दाराबाहेर बसलेय. आत फोन चाललाय. खिडकीतून दोन बोटं दाखवली. तिची दोन मिनिटं म्हणजे वीस.
१७ तारखेच्या ओळी इंग्रजीत करून लॅबच्या वहीत लिहिल्या, खाली आजची तारीख आणि सही. आता खोडता येणार नाही, म्हणूनच पेनाने लिहिल्या. वाक्य ठरवून आलेय. एकच आहे, तरी विसरेन असं वाटतंय. जूनबद्दल विचार करायचा नाही. करतेच आहे.
डॅनियल आला. दोन कॉफी. एक मला दिली आणि शेजारी बसला.
"पेपरचंच बोलायचंय ना? मी पण येतो आत. चूक माझी आहे, मीच सांगतो. तुझ्यावर यायला नको."
कॉफी खाली ठेवली. म्हटलं, थांब, आधी तुला एक सांगायचंय. "काय?" म्हणाला.
केरनने फोन ठेवला. हाताने दोघांनाही आत बोलावतेय.